पहाटेचे गणित आदल्या रात्री

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाच वाजता मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन पाहावे. मिट्ट काळोख असतो. समोरचा सिंधुदुर्ग किल्ला केवळ अंदाजाने ओळखायचा. पण वाळूवर बॅटऱ्यांचे उजेड हलत असतात, नवे कोरे पांढरे बूट दिसतात, कुणाच्या तरी खिशातल्या मोबाइलवर गायत्री मंत्र लागलेला असतो आणि या अनोळखी रहदारीने हैराण झालेली किनाऱ्यावरची कुत्री एकसारखी भुंकत असतात. आठ-दहा तारखेपर्यंत ही गर्दी टिकते. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईस्तोवर निम्मी होते. महिनाअखेरीस तेथे उरतात ते चार म्हातारे, पोलीस भरतीची तयारी करणारे दोन-तीन मुलगे आणि ज्यांना व्यायाम हा शब्दही कधी वापरावा लागला नाही असे रापणीवाले.

त्या चार म्हाताऱ्यांपैकी मी एक. आज टिकलो आहे म्हणून मिरवायचे कारण नाही, कारण याआधी संक्रांतीपूर्वीच गळालेल्यांत माझे नाव निदान दहा-अकरा वेळा तरी असेल. का गळालो, हे मला एका रापणकराने सांगितले. अशाच एका पहाटे मी लगबगीने, खरे म्हणजे धापा टाकत, मोरयाच्या धोंड्याच्या दिशेने निघालो होतो. होडीच्या आडोशाला बसून दोरीची गुंतवळ सोडवणारा तो ओळखीचा गृहस्थ म्हणाला, ‘‘भाऊनू, धावतास कित्याक? पाठसून कोण इलो काय?’’

मी त्याला व्यायामाचे महत्त्व सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘राती निजलास किती वाजता?’’

‘‘साडेअकरा-बारा झाले असतील.’’

‘‘मगे ह्यो व्यायाम न्हय,’’ तो दोरीवरची नजर न काढता म्हणाला, ‘‘ह्या जागरण झाला.’’

तो स्वतः आदल्या रात्री आठाच्या सुमारास जेवून नऊच्या आत आडवा झालेला होता. पहाटे चारला उठला तेव्हा त्याची सात तासांची झोप पदरात पडलेली होती. मी साडेचारला उठलो तेव्हा माझ्याकडे जेमतेम साडेचार तास होते. दोघेही पहाटे उठलेले, दोघेही एकाच वाळूवर, पण एकजण जागा होता आणि दुसरा केवळ उभा होता.

लवकर निजण्याचा आणि लवकर उठण्याचा तो सुविचार आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या फळ्यावर वाचलेला आहे. त्यात निजणे आधी येते आणि उठणे नंतर. आपण मात्र त्याचा उत्तरार्ध तेवढा पाठ केला. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट आम्हाला मास्तरांनी कितीदा तरी सांगितली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत नेले, हेही सांगितले. ही माणसे रात्री दिवा केव्हा मालवत, हे सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही. कदाचित त्या काळी ते सांगावे लागत नसेल. रॉकेल जपून जाळायचे दिवस होते. माझ्या लहानपणी आमच्या घरात दिवेलागणीनंतर परवचा, मग उकड्या तांदळाचा भात आणि माशाची कढी, आणि आठ-साडेआठला सारवलेल्या जमिनीवर वाकळी पसरलेल्या. पहाटे उठणे हा तेव्हा निश्चयाचा भाग नव्हता. झोप पुरी झाली की माणूस उठे. आता दिवसाचा शेवट सरकत सरकत मध्यरात्रीवर गेला आहे, सुविचार मात्र होता तेथेच आहे.

माझीच एक फजिती सांगतो. बँकेत असताना घाटावरच्या एका शाखेत माझी बदली झाली. मार्च महिना, वर्षअखेरीचे काम, घरी परतायला रात्रीचे दहा-साडेदहा. त्याच महिन्यात मला पहाटे साडेचारला उठून गावाबाहेरच्या टेकडीवर चढण्याची हुक्की आली. जेवून झोपायला बारा वाजत. पहिला आठवडा मोठा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात दुपारी डोळ्यांवर झापड येऊ लागली, ती मी चहावर ढकलली. तिसऱ्या आठवड्यात लेजरचे बॅलन्सिंग करायला बसलो तर हिशेब जमेना. फरक नऊशे रुपयांचा. तेव्हा सगळे हाताने लिहायचे दिवस. रात्री आठपर्यंत सगळी शाखा खोळंबून बसली. शेवटी आमचे जुने कॅशियर म्हणाले, ‘‘साहेब, फरकाला नऊने भाग जातोय. कुठे तरी आकडे उलटे पडलेत.’’ बँकेतल्या जुन्या माणसांना हा ठोकताळा ठाऊक असतो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. शोधले तेव्हा सापडले. ६,७०० रुपयांची रक्कम ७,६०० म्हणून चढवलेली होती. अक्षर माझे होते. पोस्टिंग करणारा कारकून त्या दिवशी रजेवर होता आणि त्याचे काम मोठ्या हौसेने मी अंगावर घेतले होते. कॅशियर मला काही बोलले नाहीत. दाराशी चपला घालताना एवढेच म्हणाले, ‘‘उद्या टेकडी राहू द्या.’’

झोपेच्या बाबतीतही हा नऊचा ठोकताळा असता तर फार बरे झाले असते. तेथे चूक कोठे पडली हे इतक्या सहज सापडत नाही. माणूस चिडचिडा होतो आणि खापर हवेवर फोडतो. नावे विसरतो आणि वयाला दोष देतो. स्कूटरवर क्षणभर डोळा लागतो आणि तो वाचला तर देवाचे आभार मानतो. आपल्याला झोप पुरेशी मिळत नाही, हे ज्याला झोप पुरेशी मिळत नाही त्यालाच सर्वांत कमी कळते.

आता या ‘पहाटे पाच’चीच थोडी झडती घेऊ. २०१८ साली रॉबिन शर्मा यांचे ‘द फाइव्ह एएम क्लब’ हे पुस्तक आले आणि पाचचा आकडा आमच्या आळीपर्यंत येऊन पोहोचला. पण पाच म्हणजे कोठले पाच? आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूची. मालवण त्याच्या पश्चिमेला सुमारे नऊ अंश. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आमचा सूर्य घड्याळाच्या छत्तीस मिनिटे मागे चालतो. घड्याळात पाच वाजतात तेव्हा मालवणच्या आकाशाचे साडेचारही झालेले नसतात. १९०६ साली ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी कुरकूर केली होती ती काही उगाच नव्हे. जुनी ‘मुंबई वेळ’ तेथे १९५५ पर्यंत तग धरून होती. आम्ही कोकणातल्यांनी कुरकूर केल्याचे ऐकिवात नाही. आमच्याकडे बहुधा घड्याळेच कमी असावीत.

त्यात ऋतूची भर. मेअखेरीस मालवणात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. जानेवारीच्या मध्यास तो सात वाजून गेल्याशिवाय येत नाही. तोही समुद्रातून नव्हे, आपल्या पाठीमागून, सह्याद्रीच्या बाजूने. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना उजाडल्याचे कळते ते आधी समोरच्या किल्ल्याच्या तटावर ऊन पडते तेव्हा. आता आपला ब्राह्म मुहूर्त मोजा. मुहूर्त साधारण अठ्ठेचाळीस मिनिटांचा, आणि रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त तो ब्राह्म. म्हणजे सूर्योदयाच्या सुमारे एक तास छत्तीस मिनिटे आधी तो सुरू होतो. मेअखेरीस मालवणात तो साडेचारच्या आधी लागतो, जानेवारीत साडेपाचला. चांगला तासाभराचा फरक झाला. जानेवारीत चारचा गजर लावून ब्राह्म मुहूर्त गाठल्याचे समाधान मानणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांना हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. ते म्हणाले, ‘‘तुम्ही बँकवाले सगळ्यातच खोड काढता.’’

पण खोड काढायची ती ग्रंथांची नव्हे, आपल्या अर्धवट वाचनाची. वाग्भटाने ब्राह्म मुहूर्तावर उठायला सांगितले ते स्वस्थ माणसाला. ‘अष्टांगसंग्रहा’त तर रात्रीचे अन्न पचले की नाही याचा विचार करून उठावे असे आहे. रात्री साडेदहाला सुरमईची कढी आणि भात खाल्लेल्या माणसाने पहाटे चारला हा विचार प्रामाणिकपणे केला तर तो पुन्हा पांघरूण ओढून घेईल. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हेही तेथलेच. आणि रात्री जागरण घडले तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, झोपून घ्यावे, असेही वाग्भट सांगतो. चरकाने आहार आणि निद्रा यांना शरीराचे आधारखांब म्हटले आहे. त्या यादीत ब्रह्मचर्य आहे, पण पहाटे उठणे नाही. जुन्या ग्रंथांचा आधार घेऊन आपल्याला कुणी पहाटे उठवू लागले तर त्याला ही पाने जरूर दाखवावीत.

नवे शास्त्र याहून फार वेगळे सांगत नाही. २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तिघांना मिळाले ते शरीरातल्या घड्याळाच्या कामाबद्दल. फळांवर घोंगावणाऱ्या इवल्याशा माशीत त्यांनी हे घड्याळ चालवणाऱ्या जनुकाची यंत्रणा उलगडली. हे घड्याळ आपल्याही पेशीपेशींत आहे. ते उजेडावर लावले जाते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते पुढे ओढले जाते आणि रात्री झोप लवकर येते, रात्री उशिरा प्रखर उजेड घेतला की ते मागे रेंगाळते. याच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे. जागेपणाचा एकेक तास झोपेची ओढ वाढवत नेतो, आणि चहा-कॉफीतले कॅफिन ही ओढ तात्पुरती दडपते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळी साडेसहाचा चहा रात्री साडेअकराला अर्धा शिल्लक असतो, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक तपशील मला फार उशिरा कळला. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त असते, उत्तरार्धात स्वप्नांची. बाराला झोपून साडेचारला उठणारा माणूस झोपेचा नुसता एक तुकडा कमी करत नाही. तो उत्तरार्धच जवळजवळ कापून टाकतो. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली सांगितले, पासष्टीनंतरही सात-आठ. ‘म्हाताऱ्याला झोप कमी लागते’ हे आपण ऐकत आलो ते तितकेसे खरे नाही. म्हाताऱ्याला झोप कमी येते, लागते तेवढीच. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाचे जे माप दिले, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, त्यात तो पहाटेच करावा असे कोठेही म्हटलेले नाही. उलट हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत अधिक येतात, हे वैद्यकाला १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. म्हणून पहाटे फिरू नये असा अर्थ नाही, पण अंथरुणातून उठून थेट धावत सुटू नये, एवढा नक्की आहे.

हे सगळे मी आमच्या जिल्ह्याला सांगायचे म्हणजे अंमळ धाडसच. कारण सिंधुदुर्ग हा जसा पहाटे उठणाऱ्या माणसांचा जिल्हा, तसाच तो रात्र रात्र जागणाऱ्यांचाही. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की गावोगावी दशावतार. मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, संकासुर. मग आख्यान, आणि ते रंगत रंगत उजाडेपर्यंत, शेवटी दहीकाला. भजनाची डबलबारी असली तर दोन्ही बुवा एकमेकांना ऐकायला तयार नसतात आणि श्रोते घरी जायला. आंगणेवाडीच्या जत्रेत लोक रात्रभर रांगेत उभे असतात. या जागरणांना मी नावे ठेवणार नाही. माझ्या लेखनातले जे काही बरे आहे ते त्या रात्रींतून आलेले आहे. पण लहानपणी पाहिलेली एक गोष्ट आठवते. दहीकाला करून आलेले आमचे आजोबा पेज पीत आणि ओटीवर सरळ दुपारपर्यंत झोपत. त्या दिवशी त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा घरातला कायदा होता. नाटकवाली मंडळीही पेटारे उतरवून पुढच्या गावी देवळाच्या सभामंडपात दिवसभर झोपत. जागरण होते, पण त्याची भरपाईही होती. हल्लीचे जागरण तसे नाही. ते संकासुरासाठी नाही, हातातल्या चार इंची काचेसाठी आहे, ते रोज आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी नाही.

आमच्या समुद्रात एलईडी दिवे लावून मासेमारी करतात. रात्री पाण्यावर झगझगीत उजेड सोडला की मासळी भुलून गोळा होते आणि जाळ्यात जाते. २०१७ साली केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार अजून संपलेली नाही. रात्री अकरा वाजता बिछान्यात मोबाइल तोंडासमोर धरून पडलेला माणूस पाहिला की मला ती मासळी आठवते.

येथपर्यंतचे बोलणे सोपे होते. आता जरा अवघड.

मी कादंबऱ्या लिहितो. मागे वळून पाहताना लक्षात येते की माझ्या कादंबऱ्यांतली पहाटे उठणारी माणसे निश्चयी, सद्वर्तनी आणि उशिरा उठणारी ऐदी, अशी सोपी वाटणी मी बिनदिक्कत वापरलेली आहे. आणि त्या निश्चयी पुरुषांच्याही अर्धा तास आधी उठून चूल पेटवणाऱ्या बाईला मी एकाही ठिकाणी निश्चयी म्हटलेले नाही. ती नुसतीच उठलेली असते. आमच्या घरात हेच अडतीस वर्षे चालले होते. बदलीच्या गावी पाणी पहाटे येई, पुढे मुलांचे डबे आले, त्यापुढे सासूबाईंचे आजारपण. पत्नी पाचला उठत होती आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हते. रात्री सगळ्यांचे जेवण आटोपून, ओटा पुसून, विरजण लावून तिला आडवे व्हायला साडेअकरा होत. निवृत्तीनंतर मी पुन्हा एकदा पहाटेचा संकल्प सोडला तेव्हा ती म्हणाली, ‘‘अहो, उठणार तुम्ही, पण तुमचा गजर मला ऐकू येतो. आणि परत आल्यावर चहा तुम्हाला लागतो.’’

मी हे हसण्यावारी नेले. पुढे तिचा रक्तदाब वाढला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिला इतर प्रश्नांबरोबर विचारले, ‘‘झोप किती?’’ ती म्हणाली, ‘‘चार-पाच तास. पुरते मला.’’ डॉक्टरांनी गोळीचे नाव लिहिले आणि त्याखाली, औषध लिहावे तसे, ‘झोप : ७ तास’ असे लिहून दिले. ती चिठ्ठी अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. औषधाच्या दुकानात न मिळणारे ते एकच औषध मिळवायला आम्हाला पाच-सहा महिने लागले.

कारण झोपेची वेळ ही एका माणसाच्या हातात नसते, ती घराच्या हातात असते. आमचे रात्रीचे जेवण साडेनऊला होत होते, कारण आठ ते साडेनऊ मालिका. जेवण आठावर आणायचे तर मालिका सोडायच्या किंवा जेवण आधी उरकायचे. आम्ही एक मालिका ठेवली, दोन सोडल्या. आठवडाभरात त्यांची आठवण येईनाशी झाली, यावरून त्यांची योग्यता कळावी. त्याहून मोठी अडचण नातवाची होती. मुलगी टोरांटोला. तिकडे सकाळ झाली की नातू शाळेत जाण्याआधी व्हिडिओ कॉल, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळ किंवा रात्र, आणि तो लांबला की नंतर तासभर त्याच्याचबद्दल बोलणे. हे कसे तोडायचे? शेवटी मुलीनेच तोडगा काढला. आता त्यांच्या शनिवारी रात्री, म्हणजे आमच्या रविवारी सकाळी सातला बोलणे होते. नातू झोपाळलेला असतो आणि आम्ही ताजेतवाने. पूर्वी हे उलटे होते.

मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो. गजरासाठी साधे घड्याळ आणले, टपरीवरच्या बशीइतके. झोपेची वेळ एकदम साडेअकरावरून दहावर आणायचा प्रयत्न आधी केला होता. दहाला पडून साडेअकरापर्यंत छताचे वासे मोजत राहिलो. मग दर तीन-चार दिवसांनी पाव तास, अशी सरकवत आणली. उठण्याची वेळ मात्र रोज तीच, रविवारीही. दुपारचा चहा चारला, त्यानंतर नाही. दुपारी जेवून वीस-पंचवीस मिनिटे वामकुक्षी. तिचे रूपांतर दोन तासांच्या घोरण्यात झाले की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजावे. आणि ज्या रात्री पाहुणे, आजारपण किंवा लग्नघर यामुळे सात तास पुरे होत नाहीत, त्या दिवशी सकाळी फिरायला जात नाही. संध्याकाळी जातो. हा शेवटचा नियम पाळायला मला सर्वांत जड गेले, कारण त्यात शौर्य नाही.

पत्नी आता साडेसहापर्यंत झोपते. सकाळचा चहा मी करतो, तो तिला आवडत नाही, पण पिते. ती फिरायला जाते ती संध्याकाळी साडेपाचला, शेजारच्या दोघीतिघींबरोबर जेटीपर्यंत. पहाटेची तिला काही ओढ नाही. ‘‘अडतीस वर्षे पाहिली पहाट,’’ म्हणते, ‘‘काही नवीन नाही तिच्यात.’’ तिचा रक्तदाब आटोक्यात आहे. त्यात गोळीचा वाटा किती आणि झोपेचा किती हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, मीही दावा करत नाही.

माझी खरी काळजी किनाऱ्यावरच्या त्या मुलग्यांची आहे. पोलीस भरतीसाठी मुलांना सोळाशे मीटर धावावे लागते, मुलींना आठशे. गुण सेकंदांवर असतात. यातले काही मुलगे तारकर्ली-मालवणच्या हॉटेलांत कामाला आहेत. पर्यटकांची शेवटची पंगत उठते तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात, भांडी होईस्तोवर बारा. पहाटे साडेचारला ही पोरे रस्त्यावर. एकाला मी म्हटले, अरे, झोपतोस केव्हा? तो म्हणाला, ‘‘भरती झाल्यार निजतलंय.’’ त्याला पुस्तकातले सात तास सांगायला माझी जीभ रेटेना. पण एवढे सांगितले की स्नायू धावताना बळकट होत नाहीत, धावून झोपल्यावर होतात. आणि हॉटेल दुपारी तीन ते सहा ओस असते, तेव्हा दोन तास झोप आणि पाचनंतर वाळूत धाव. काळोखात गाड्यांच्या रस्त्यावर तरी नको. तो आता संध्याकाळी धावतो. त्याच्या मालकालाही मी भेटलो. आठवड्यातून तीन रात्री त्याला दहाला सोडायचे कबूल झाले आहे, सीझन सोडून. सीझन आमच्याकडे वाढतच चालला आहे, ही गोष्ट वेगळी.

शाळकरी मुलांच्या बाबतीत सरकारने निदान विचार तरी केला. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा, असे सुचवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाचा आदेश निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्यावर शहरांतून बसवाले आणि दोन पाळ्यांच्या शाळा यांनी अडचणी सांगितल्या, त्या खोट्या नव्हत्या. मला वाटते, आदेश योग्य होता, पण तो चुकीच्या वयाशी थांबला. सहा-सात वर्षांचे पोर आईने ठरवले तर साडेआठला झोपते. खरा प्रश्न आठवी ते बारावीचा आहे. त्या वयात शरीराचे घड्याळच मागे सरकते, लवकर झोप येतच नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. ती मुले साडेसहाच्या क्लासला जातात, आणि आपण त्यांना वर आणखी ‘पहाटे उठून व्यायाम करत जा’ असे सांगतो. मुलगा सातपर्यंत झोपला तर त्याला आळशी म्हणायची घाई आपण करू नये. संध्याकाळी त्याला मैदानावर सोडावे, आणि त्या वेळचा क्लास बंद करावा.

तो रापणकर अजून भेटतो. हल्ली तो माझे बूट पाहत नाही, तोंड पाहतो. झोप झाली आहे की नाही हे त्याला तोंडावरून कळते, असे तो म्हणतो. मागच्या आठवड्यात त्याने विचारले, ‘‘भाऊनू, आयतवारी राती आमच्या वाडीत नाटक आसा, येतलास मा?’’ दशावतार म्हणजे सकाळ होणार. मी हो म्हटले. पत्नीही येणार आहे, तिने दुपारीच झोपून घ्यायचे ठरवले आहे. सोमवारी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर म्हातारे तीनच असतील.